मुख्य टाकीतले ७६ किलो

ग्लासगोच्या मध्यवस्तीत पोलिसांचे हेलिकॉप्टर एका पबच्या छपरावर कोसळले, त्यानंतर दहा दिवसांनी, म्हणजे ९ डिसेंबर २०१३ रोजी, ब्रिटनच्या हवाई अपघात तपासणी शाखेने एक छोटे विशेष पत्रक काढले. त्यात निष्कर्ष नव्हते, अवशेषांच्या पहिल्या पाहणीच्या नोंदी होत्या. आदळण्याच्या क्षणी मुख्य पाती जागेवर होती, पण फिरत नव्हती. शेपटीचा पंखाही फिरत नव्हता. इंजिनांमध्ये मोठी मोडतोड दिसली नाही. आणि हेलिकॉप्टरमधून सुमारे ९५ लिटर इंधन काढण्यात आले होते.

या शेवटच्या आकड्याने तेव्हा अनेकांना चकवले. इंधन संपून यंत्र पडले असावे, असा पहिल्या दिवसांतला सर्वसाधारण अंदाज होता. आता सरकारी कागद सांगत होता की ९५ लिटर, म्हणजे वजनात ७६ किलो इंधन शिल्लक होते. पुढच्या सहा वर्षांत या अपघातावर आणखी तीन महत्त्वाचे कागद आले: १४ फेब्रुवारी २०१४ चे दुसरे पत्रक, २३ ऑक्टोबर २०१५ चा तपासणी शाखेचा अंतिम अहवाल आणि ३० ऑक्टोबर २०१९ चा स्कॉटलंडच्या न्यायालयीन चौकशीचा निर्णय. चारही कागद क्रमाने वाचले की त्या रात्रीचा बराच भाग उभा करता येतो. जो भाग उभा राहत नाही, त्याची हद्दही याच कागदांतून आखता येते.

आधी घटना. २९ नोव्हेंबर २०१३, शुक्रवार. क्लाईड नदीच्या उत्तर काठावर स्टॉकवेल स्ट्रीटला ‘क्लुथा व्हॉल्ट्स’ नावाचा जुना पब आहे. त्या रात्री तिथे बँड वाजत होता आणि शंभराहून अधिक माणसे आत होती. रात्री १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास हेलिकॉप्टर छपरावर आदळले आणि छप्पर खाली आले. हेलिकॉप्टरमधला वैमानिक आणि दोन पोलिस कॉन्स्टेबल, तसेच पबमधली सात माणसे, असे दहा जण मृत्युमुखी पडले. पबमधल्या आणखी अकरा जणांना गंभीर दुखापत झाल्याची नोंद अहवालात आहे.

हेलिकॉप्टर युरोकॉप्टर कंपनीचे ईसी-१३५ टी२+ होते, नोंदणीची अक्षरे जी-एसपीएओ. दोन इंजिनांचे हे हलके यंत्र पोलिस आणि रुग्णवाहिका सेवांत जगभर वापरले जाते. स्कॉटलंडच्या पोलिसांसाठी ते बाँड एअर सर्व्हिसेस ही कंपनी चालवत होती. वैमानिक रॉयल एअर फोर्समधून आलेले, तिथे प्रशिक्षक म्हणूनही काम केलेले अनुभवी गृहस्थ होते. नवशिक्याची गफलत म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही, ते या कारणाने.

पुराव्यांची प्रत कशी होती, हे इतिहास लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच पाहायला हवे. या हेलिकॉप्टरवर ब्लॅक बॉक्स नव्हता. उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र नाही, कॉकपिटमधले बोलणे टिपणारेही नाही. या वर्गाच्या हेलिकॉप्टरवर ती बसवण्याची तेव्हा सक्ती नव्हती. तपासनीसांच्या हाती मग उरले काय? रडारवरचा मार्ग, हवाई नियंत्रण कक्षाशी झालेले रेडिओ संभाषण, पोलिसांच्या उपकरणांतली चित्रणे आणि नोंदी, शहरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची दृश्ये, प्रत्यक्ष अवशेष, आणि हेलिकॉप्टरच्या निरनिराळ्या यंत्रणांमधल्या वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीच्या चिपा.

या चिपा सगळ्यांत मोलाच्या, आणि वाचायला सगळ्यांत अवघड. त्या अपघाताच्या तपासासाठी बसवलेल्याच नव्हत्या. मेकॅनिकला बिघाड शोधायला मदत व्हावी, एवढाच त्यांचा उपयोग. त्यामुळे एखादी चीप कोणता इशारा कोणत्या क्रमाने वाजला ते सांगते, पण घड्याळाची वेळ देतेच असे नाही. दुसरी इंजिनाच्या बिघाडाची नोंद ठेवते, पण त्याआधीच्या तासाभराबद्दल गप्प बसते. पेशव्यांच्या दफ्तरातल्या खर्चाच्या यादीवरून मोहिमेचा माग काढणाऱ्या संशोधकाला ही अडचण ओळखीची वाटेल. यादी लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात लढाई नव्हतीच, होता तो दाणागोट्याचा हिशेब.

आता यंत्राकडे. ईसी-१३५ मधली इंधनव्यवस्था समजल्याशिवाय ७६ किलोंचे कोडे सुटत नाही. तिची घडण आपल्याकडच्या कोणत्याही सोसायटीच्या पाणीपुरवठ्यासारखी आहे. खाली जमिनीतली मोठी टाकी, वर गच्चीवरची लहान टाकी, आणि खालचे पाणी वर चढवणारी मोटर. नळाला पाणी येते ते गच्चीवरच्या टाकीतून. मोटर बंद राहिली तर खालची टाकी अर्धी भरलेली असतानाही नळ कोरडे पडतात. हेलिकॉप्टरमध्ये खालच्या टाकीच्या जागी मुख्य टाकी असते. गच्चीवरच्या टाकीच्या जागी इंजिनांना इंधन देणारी पुरवठा टाकी. तिचे दोन कप्पे, डावा एका इंजिनाचा आणि उजवा दुसऱ्याचा. डाव्यात सुमारे ४७ किलो मावते, उजव्यात सुमारे ४३. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. दोन्ही कप्पे आटायची वेळ आलीच, तर दोन्ही इंजिने एकदम बंद पडू नयेत, मध्ये काही मिनिटे मिळावीत, असा आराखडा करणाऱ्यांचा विचार.

मुख्य टाकीतले इंधन वर चढवायला दोन ट्रान्सफर पंप आहेत, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. इंजिने जेवढे पितात त्यापेक्षा जास्त इंधन हे पंप चढवतात आणि जादा झालेले पुन्हा मुख्य टाकीत उतरते. दोन्ही पंप चालू असतील तोवर वैमानिकाला त्यांच्याकडे पाहायचेही कारण नाही. गोम पुढे आहे. मुख्य टाकीतली पातळी खाली गेली की हेलिकॉप्टरच्या तिरपेपणावर सगळे अवलंबून राहते. एका जागी तरंगताना हेलिकॉप्टरचे नाक किंचित वर असते, इंधन मागे सरकते आणि पुढचा पंप उघडा पडून कोरडा फिरू लागतो. वेगाने पुढे जाताना नाक खाली जाते, इंधन पुढे येते आणि पाळी मागच्या पंपावर येते. कोरडा फिरणारा पंप खराब होतो. म्हणून सूचनापटावर पिवळी सूचना आली की वैमानिकाने तो पंप स्विचने बंद करायचा. पुढे हेलिकॉप्टरचा कल बदलला, इंधन पुन्हा पंपाशी आले, की तोच स्विच आठवणीने चालू करायचा.

पोलिसांचे हेलिकॉप्टर नेमके हेच दोन प्रकार आलटून पालटून करते. संशयिताच्या शोधात एका जागी तरंगायचे किंवा सावकाश घिरट्या घालायच्या, मग पुढच्या कामाकडे वेगाने निघायचे, तिथे पुन्हा तरंगायचे. माझ्या मते आराखड्यातला कच्चा दुवा इथेच आहे. पंप वाचवण्यासाठी केलेली योग्य कृती आणि इंजिन उपाशी मारणारी चूक, या दोन्ही एकाच स्विचच्या एकाच स्थितीत दिसतात. फरक फक्त किती वेळ, एवढाच.

छतावरच्या त्याच नियंत्रणपटावर आणखी दोन स्विच आहेत, प्राइम पंपांचे. हे पंप पुरवठा टाकीत बसवलेले असतात आणि इंजिन सुरू करताना त्याला दाबाने इंधन देतात. इंजिन लागले की त्यांचे काम संपते. मुख्य टाकीशी त्यांचा काही संबंध नाही.

१४ फेब्रुवारी २०१४ च्या दुसऱ्या पत्रकाने ९५ लिटरचे कोडे सोडवले. सगळे इंधन मुख्य टाकीत होते. पुरवठा टाकीचा एक कप्पा पूर्ण रिकामा होता, दुसऱ्यात अर्धा किलोही नव्हते. ट्रान्सफर पंपांपासून पुरवठा टाकीपर्यंतच्या वाहिन्या मोकळ्या होत्या, कुठे काही अडकले नव्हते. दोन्ही ट्रान्सफर पंपांचे स्विच बंद स्थितीत सापडले आणि दोन्ही प्राइम पंपांचे चालू स्थितीत.

इथे कोणीही जाणता वाचक शंका घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. छप्पर फोडून खाली आलेल्या यंत्रातले स्विच धक्क्याने हलले नसतील कशावरून? ढिगारा उपसताना कोणाचा हात लागला नसेल कशावरून? स्विचची जागा एवढाच पुरावा असता, तर मीही तो मानला नसता. पण त्याला दुसरा, स्वतंत्र साक्षीदार आहे. मोकळी वाहिनी, मुख्य टाकीत भरपूर इंधन आणि तरीही पुरवठा टाकी कोरडी. पंप चालू असते तर हे तीन एकत्र घडलेच नसते. अवशेषांची पाहणी आणि चाचण्या यांच्या आधारे तपासनीसांनी मांडले ते एवढेच की अपघाताआधी बराच वेळ दोन्ही ट्रान्सफर पंप बंद ठेवलेले होते.

बराच वेळ म्हणजे किती? अहवालातल्या आकड्यांवरून एक ढोबळ हिशेब आपल्यालाही मांडता येतो. हेलिकॉप्टर रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी ग्लासगो सिटी हेलिपोर्टवरून निघाले तेव्हा त्यात ४०० किलो इंधन होते. १० वाजून २२ मिनिटांनी उरले ७६. म्हणजे ९८ मिनिटांत ३२४ किलो जळाले, मिनिटाला सुमारे ३.३ किलो. पुरवठा टाकीचे दोन्ही कप्पे काठोकाठ भरलेले धरले तरी ते ९० किलो इंधन या वेगाने २७ मिनिटे पुरते. त्यामुळे रात्री ९ वाजून ५५ मिनिटांच्या बऱ्याच आधी दोन्ही पंप कायमचे बंद झालेले असणे शक्य नाही. तसे झाले असते तर इंजिने आधीच थांबली असती. तरंगताना आणि धावताना इंधन सारखे जळत नाही, तेव्हा दोन-चार मिनिटे इकडेतिकडे होतील. तरीही गुंता झाला तो उड्डाणाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, एवढे या हिशेबातून ठामपणे निघते.

त्या संध्याकाळची कामे अहवालात क्रमाने आहेत. आधी शहराच्या दक्षिणेला ओटलंड्स भागात शोध, कारण रेल्वेची धडक बसलेल्या माणसाची खबर होती. मग पूर्वेला एडिंबरोजवळ डॅलकीथ. तिथून परतताना ग्लासगोच्या पूर्वेकडची तीन छोटी कामे, बॉथवेल, अडिंगस्टन आणि बारगेडी इथली. १० वाजून १८ मिनिटांनी वैमानिकांनी ग्लासगोच्या नियंत्रण क्षेत्रात पुन्हा शिरायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्यानंतर त्यांचा आवाज रेडिओवर आला नाही. संकटाचा संदेशही नाही. मागणी नेहमीच्या परतीची होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार मिनिटांनी इंजिने बंद पडणार आहेत असे ज्याला वाटते, तो अशी सरळ वाट मागत नाही.

पण इशारे तर झाले होते. पुरवठा टाकीच्या प्रत्येक कप्प्यात इंधन ठरावीक पातळीखाली गेले की लाल इशारा पेटतो, सोबत घंटा वाजते. डाव्या कप्प्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. हा इशारा देणारे संवेदक इंधन मोजणाऱ्या संवेदकांपासून स्वतंत्र असतात. इशारा-यंत्रणेच्या चिपेत त्या उड्डाणातले पाच लाल इशारे नोंदलेले सापडले आणि पाचांचीही दखल घेतली गेली होती. घंटा वाजली, ती ऐकली गेली, बटण दाबून ती थांबवली गेली. पाच वेळा.

तातडीच्या प्रसंगांसाठी वैमानिकाकडे जी तपासयादी असते, तिच्यात यावरची कृती थोडक्यात दिलेली आहे. मुख्य टाकीत इंधन आहे का ते पाहा. असेल तर दोन्ही ट्रान्सफर पंप चालू आहेत ना, ते तपासा. तरीही इशारा जात नसेल तर १० मिनिटांत उतरा. तपासनीसांच्या गणितानुसार लाल इशारे सतत पेटू लागल्यावर ही १० मिनिटे उलटून गेली आणि उड्डाण चालूच राहिले.

इंधनाचे काटेच वैमानिकाला चुकीचे सांगत होते का? ही शंका कल्पनेतली नव्हती. अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आत बाँड एअर सर्व्हिसेसच्याच दुसऱ्या एका ईसी-१३५ मध्ये इंधन-मापनाचा दोष आढळला आणि कंपनीने आपली सगळी ईसी-१३५ काही काळ जमिनीवर ठेवली. युरोकॉप्टरने डिसेंबर २०१३ मध्येच सगळ्या वापरकर्त्यांना कळवले की काही हेलिकॉप्टरांच्या चाचण्यांत पुरवठा टाकीतले इंधन प्रत्यक्षाहून जास्त दाखवले जाऊ शकते असे दिसले आहे. अशा वेळी आधीची पिवळी सूचना न येता थेट लाल इशारा येऊ शकतो. इंधनात पाणी मिसळले की असे घडू शकते, हा मुद्दा पुढे चौकशीतही चर्चिला गेला. म्हणजे काट्यावर पुरवठा टाकी भरलेली आणि लाल दिवा सांगतोय की ती आटली, असे परस्परविरोधी चित्र वैमानिकासमोर असू शकत होते. त्या रात्री ते तसे होते, असे सिद्ध करणारा कागद मात्र नाही. काट्यावर काय दिसत होते, हे कोणत्याही चिपेने जपलेले नाही.

हेलिपोर्टपासून सुमारे २.७ सागरी मैलांवर, म्हणजे ५ किलोमीटरवर, उजवे इंजिन विझले. आराखड्याप्रमाणे डावे इंजिन आणखी काही मिनिटे चालायला हवे होते. ते ३२ सेकंदांत विझले. कप्प्यांच्या मापांतला फरक मुद्दाम ठेवूनही तो अवधी मिळाला नाही.

दोन्ही इंजिने गेली तरी हेलिकॉप्टर दगडासारखे पडत नाही. पात्यांचा कोन झटकन कमी केला की खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि जमिनीजवळ तोच साठवलेला फेरा वापरून सावकाश टेकता येते. वैमानिक याचा सराव करतात. पण सरावात वेळ माहीत असते, जागा निवडलेली असते आणि सहसा दिवस असतो. इथे रात्र होती, खाली दाट वस्ती होती आणि हातातला वेळ सेकंदांत मोजण्याएवढा होता. पात्यांचा वेग घसरल्याचा इशारा आला, गेला, पुन्हा आला, असे चिपेत दिसते. म्हणजे वेग सावरण्याचा प्रयत्न झाला होता.

याच काही सेकंदांत आणखी एक गोष्ट घडली. दोन्ही इंजिने थांबल्यावर वीजनिर्मितीही थांबली, आणि बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणेने काही उपकरणांची वीज आपोआप तोडली. तुटलेल्यांत जमिनीपासूनची नेमकी उंची सांगणारा रेडिओ-उंचीमापक होता आणि वैमानिकाला हवा तिकडे वळवता येणारा उतरण्याचा दिवाही. एक स्विच टाकला असता तर दोन्ही परत चालू झाले असते. तो नेहमीच्या स्थितीतच सापडला. रात्रीच्या अंधारात, इंजिनाविना उतरताना जी दोन उपकरणे सर्वांत आधी हवीत, तीच आराखड्याने कमी गरजेची ठरवली होती. मला विचाराल तर अहवालातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील हा आहे. पंपांच्या प्रश्नावर वैमानिकाकडे बोट दाखवता येते, इथे तसे करता येत नाही.

प्राइम पंपांचे स्विच चालू का होते, याचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा की वैमानिकांनी ट्रान्सफर पंप चालू करण्याच्या समजुतीने हात वर नेला आणि शेजारचे प्राइम पंप चालू केले. मग पंप चालू केले आहेत असे समजून ते पुढे जात राहिले. हे पटण्यासारखे आहे, कारण इशाऱ्यांना न जुमानता केलेला शांत परतीचा प्रवास त्याने समजतो. दुसरा अर्थ असा की इंजिन विझू लागल्यावर शेवटच्या क्षणी त्याला इंधनाचा दाब मिळावा म्हणून ते चालू केले गेले. दोन्ही अर्थांना जागा आहे, कारण स्विच कधी हलवला हे स्विच सांगत नाही. पहिला अर्थ जास्त जुळतो म्हणून तोच खरा, असे मी म्हणणार नाही. गोष्ट जुळणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे.

तपासणी शाखेने हाच संयम पाळला. अंतिम अहवालातल्या घटनाकारणांत पंप बंद असल्याने मुख्य टाकीतले ७३ किलो वापरण्याजोगे इंधन निरुपयोगी झाले, १० मिनिटांत उतरणे झाले नाही आणि इंजिनाविना सुखरूप उतरणे साधले नाही, असे लिहिले आहे. या तिन्ही बाबतींत ‘का’ हे अज्ञात आहे, असेही तिथेच नोंदले आहे. इंधनव्यवस्था नीट हाताळली गेली नाही तर मुख्य टाकीत इंधन असूनही पुरवठा टाकी आटू शकते, ही आराखड्याची बाजू अहवालाने साहाय्यक कारण म्हणून स्वतंत्रपणे मांडली. आमच्या मिनिटाला ३.३ किलोच्या हिशेबाने त्या ७३ किलोंवर हेलिकॉप्टर आणखी सुमारे २२ मिनिटे उडाले असते.

न्यायालयीन चौकशी एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क या फुटबॉल स्टेडियममध्ये तात्पुरते न्यायालय भरवले गेले. शेरिफ प्रिन्सिपल क्रेग टर्नबुल यांनी ३० ऑक्टोबर २०१९ ला निर्णय दिला. निदान एक ट्रान्सफर पंप चालू असल्याची खात्री वैमानिकांनी केली नाही, हे अपघाताचे कारण असल्याचे त्यांनी ठरवले. इशारे चुकीचे असावेत असे धरून चालण्याचा धोका वैमानिकांनी पत्करला आणि ती जाणूनबुजून केलेली निवड होती, इथपर्यंत ते गेले. जिथे तपासणी शाखा थांबली होती, तिथून हा कागद एक पाऊल पुढे टाकतो.

दोघांपैकी बरोबर कोण? माझे मत असे की दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. स्कॉटलंडच्या अशा चौकशीत शेरिफला शक्याशक्यतेच्या तराजूवर जे जास्त संभवनीय, ते मांडावे लागते. माहीत नाही म्हणून प्रश्न मोकळा सोडणे त्याला परवडत नाही, मृतांच्या नातलगांनी सहा वर्षे उत्तराची वाट पाहिलेली असते. तपासणी शाखेचे काम पुढचा अपघात टाळणे, आणि त्यासाठी एका माणसाच्या मनात काय होते हे ठरवण्यापेक्षा स्विच, इशारे आणि दिवे यांची मांडणी बदलणे जास्त उपयोगाचे. दोन्ही प्रक्रिया दिवाणी वा फौजदारी दोष ठरवण्यासाठी नसतात, हेही विसरू नये. तरी इतिहासलेखनाच्या कसोटीवर मला अहवालाची भूमिका जास्त टिकाऊ वाटते. पाच वेळा घंटा थांबवणे ही नोंद आहे. घंटा थांबवताना तो माणूस इशारा खोटा समजत होता, की पंप चालू केले आहेत अशा समजुतीत होता, की आणखी काही, हे कोणत्याही नोंदीत नाही. ‘जाणूनबुजून’ हा निष्कर्ष नोंदींच्या पलीकडे जातो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अहमदाबाद आठवेल. १२ जून २०२५ च्या एअर इंडिया अपघातावरचा प्राथमिक अहवाल पुढच्या महिन्यात आला, तेव्हा दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. तिथे मोठे जेट विमान होते आणि कॉकपिटमधला आवाजही नोंदलेला होता. तरीही स्विच कोणी, का हलवला याचे उत्तर तो अहवाल देत नाही, आणि त्या काही दिवसांत टीव्हीवर जी ठाम उत्तरे दिली गेली ती अहवालात नव्हती. ग्लासगोच्या तपासनीसांकडे तर आवाजही नव्हता. म्हणून अंतिम अहवालात त्यांनी केलेल्या सात शिफारशींत पोलिस आणि रुग्णवाहिका सेवेच्या हेलिकॉप्टरांवर नोंद ठेवणारी यंत्रे बसवण्याचा आग्रह आहे. इंजिने बंद पडल्यावरही रेडिओ-उंचीमापकाची वीज चालू राहावी, हाही मुद्दा त्यांनी मांडला.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांना एक विनंती. दोन्ही कागद सार्वजनिक आहेत आणि फुकट वाचता येतात. आधी २०१५ चा तपासणी अहवाल वाचावा, त्यातही इंधनव्यवस्थेचे प्रकरण आकृतीसह सावकाश पाहावे, आणि मगच २०१९ चा निर्णय हाती घ्यावा. उलट क्रमाने वाचले तर निष्कर्ष आधी डोक्यात बसतो आणि मग प्रत्येक चीप, प्रत्येक स्विच त्याच्याच बाजूने बोलू लागतो.